पाठमोरी

हेमांगी टिपणीसचं सगळं नाव एका पाठमोऱ्या बाईवर उभं होतं.

ती बाई एका जुन्या माहितीपटात होती. १९८६ साली उरणच्या बाजूच्या मिठागरांवर काढलेला, काळा-पांढरा, वीसेक मिनिटांचा माहितीपट. त्याच्या मध्यावर जेमतेम दहा-बारा सेकंदांचं एक दृश्य होतं. मिठाच्या वाफ्यांमधल्या बांधावरून बायका डोक्यावर पाट्या घेऊन एकामागोमाग चालत येतात. बाकीच्या लांब, ठिपक्यांसारख्या. एकच बाई कॅमेऱ्याच्या जवळ येते आणि नेमकी तीच पाठमोरी दिसते. अंबाडा, मानेवरचा घाम, पाटीला धरलेला हात, गालाची एक कड. चेहरा नाही.

चित्रपटांत माणसं कशी दाखवली जातात, हा हेमांगीचा अभ्यासाचा विषय. तरुणपणी तिने या दृश्यावर प्रबंधातलं अख्खं प्रकरण लिहिलं होतं. 'कॅमेऱ्याने या बाईचे कष्ट घेतले आणि तिला चेहरा नाकारला,' हे त्यातलं वाक्य इतकं गाजलं की पुण्यात चित्रपट शिकायला येणारी मुलं ते परीक्षेत हमखास लिहायची. 'चेहरा नाकारलेली बाई' म्हणूनच ती ओळखली जाऊ लागली. तिचं नाव हेमांगीला माहीत नव्हतं. माहितीपटाच्या सुरुवातीला दिग्दर्शकापासून जेवणाची सोय करणाऱ्यापर्यंत सगळ्यांचे आभार होते, मिठागरातल्या कुणाचंच नाव नव्हतं. हेही तिने अन्यायाचा पुरावा म्हणून प्रकरणात नोंदवलं होतं. नाव शोधायला मात्र ती गेली नव्हती.

आता २०४३ साल चालू होतं. हेमांगी पुण्याच्या 'चित्रसंचय' या संग्रहसंस्थेत अभ्यास विभागाची प्रमुख होती आणि तिच्या त्या प्रकरणातून एक यंत्र जन्माला आलं होतं. त्याचं नाव 'समदृष्टी'. ते बांधलं तन्वीर मुजावरने. तन्वीर कोल्हापूरचा, संगणकातला हुशार मुलगा. तिच्या वर्गात वर्षभर मागच्या बाकावर बसून चित्रपट शिकला आणि मग म्हणाला होता की मॅडम, तुम्ही जे डोळ्यांनी मोजता ते यंत्राला शिकवता येईल.

आणि त्याने शिकवलं. यंत्र चित्रपटाची एकेक चौकट तपासायचं. कॅमेरा माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत आहे की वरून बघतोय, कुणाचा चेहरा किती वेळ दिसतो, कुणाचं वाक्य पुरं होतं आणि कुणाचं मध्येच कापलं जातं, कोण बघतं आणि कुणाकडे नुसतं बघितलं जातं, हे सगळं मोजून ते चित्रपटाला गुण द्यायचं. हे झालं अर्धं काम. उरलेलं अर्धं होतं दुरुस्तीचं. माणूस चालतो तेव्हा दर चौकटीत त्याचं डोकं किंचित वेगळ्या कोनातून दिसतं. एकीत कानाची पाळी, दुसरीत गालाचं हाड, तिसरीत हनुवटीची सावली. अशा तुकड्यांवरून यंत्र चेहऱ्याचा घाट बसवायचं. तुकड्यांत जे नसेल ते त्या भागातल्या, त्या वयाच्या हजारो माणसांच्या चेहऱ्यांवरून शक्यतेच्या हिशेबाने भरून काढायचं. मग उजेड आणि जुन्या फिल्मचे कण जुळवून नवा चेहरा जुन्या चित्रात बसवायचं. शिवण कुठे आहे ते तन्वीरलाही सांगता यायचं नाही.

दोन-तीन वर्षांत समदृष्टीचे गुण सगळीकडे मागितले जाऊ लागले. कमी गुणांचा चित्रपट शाळेत दाखवायला कुणी धजेना. घरोघरी चित्रपट पोचवणाऱ्या कंपन्या आपले जुने साठे दुरुस्तीला पाठवू लागल्या. दुरुस्त झालेली आवृत्ती पुढे यायची आणि मूळ आवृत्ती मागे कुठेतरी पडून राहायची.

चारेकशे चित्रपट झाल्यावर मिठागरांच्या माहितीपटाची पाळी आली. खरं तर हेमांगीनेच ती मुद्दाम मागे ठेवली होती, सण राखून ठेवावा तशी.

तन्वीर त्या दिवशी काम घेऊन आला तो जरा अडखळतच. गालाच्या एका कडेपलीकडे यंत्राच्या हाती काही लागलं नव्हतं. चेहऱ्याचा बहुतेक सगळा भाग शक्यतेवरून भरावा लागणार होता आणि स्वतः यंत्रच त्याबद्दल फारशी खात्री देत नव्हतं. एकदा त्या गावांत जाऊन विचारून यावं, असं तन्वीरने सुचवलं. कुणीतरी ओळखीचं निघेल, घरात फोटो असेल. हेमांगीने त्याला सांगितलं की तिथे आता मिठागर उरलेलं नाही, कंटेनरचं आगार झालंय, माणसं कधीच पांगली असतील.

"पण मॅडम, हा चेहरा त्यांचा नसेल," तन्वीर म्हणाला.

"चेहराच नसण्यापेक्षा बरा," हेमांगी म्हणाली.

यंत्राने काही चेहरे पुढे ठेवले होते. तिने ते दुपारभर न्याहाळले. एक फार थकलेला होता, एक फार देखणा. शेवटी तिने जाड, जुळत आलेल्या भुवयांचा एक चेहरा निवडला. ती बाई वळून थेट कॅमेऱ्यात बघते आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात अगदी किंचित हसू येतं, असं दृश्य तयार झालं. ते पहिल्यांदा पडद्यावर बघताना हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांचं कुणाचं तरी देणं आपण फेडलं, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

तो चेहरा वाऱ्यासारखा पसरला. शाळांच्या दृश्यपाठात आला, महिला दिनाच्या भित्तिपत्रकांवर आला, हेमांगीच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीवर आला. आणि काही महिन्यांनी उरणजवळच्या एका गावातून प्रणिता भोईर नावाच्या मुलीचा निरोप आला. तुम्ही दाखवलेली बाई माझ्या आजीची आई आहे. तिचं नाव चांगुणा घरत. आम्हाला तुम्हाला भेटून आभार मानायचेत.

त्या दोघी सकाळच्या गाडीने आल्या. प्रणिता नर्सिंगचं शिकत होती, तोंडाने चुरचुरीत. तिची आजी कुसुमताई पासष्टीच्या आतबाहेरची, बारीक अंगाची, हिरव्या काठाचं लुगडं नीट आवरून खुर्चीच्या कडेवर बसलेली. त्यांनी सुक्या बोंबलांची पुडी आणि घरचे तांदळाचे पापड आणले होते. प्रणिताच बोलत होती. पणजी कुठल्याशा फिल्ममध्ये आहे हे घरात सगळ्यांना ऐकून माहीत होतं, पण ती फिल्म कधी कुणी बघितली नव्हती. फोनवर दृश्य आलं तेव्हा आजीने बांध ओळखला, मग पाठमोरा अंबाडा ओळखला. पणजी गेली तेव्हा आजी बारा वर्षांची होती. फोटोची ओळखपत्रं यायच्या आधीचा काळ, त्यामुळे तिचा एकही फोटो घरात नव्हता. दृश्यातला चेहरा छापून घेतला आणि यंदा पित्रांच्या दिवशी पहिल्यांदा फोटोला हार घातला, असं प्रणिताने सांगितलं. तिने वाकून हेमांगीला नमस्कार केला.

संस्थेतला एक सहकारी प्रणिताला जुने प्रोजेक्टर दाखवायला घेऊन गेला. कुसुमताई उठल्या नाहीत. दार लागल्यावर त्या थोडा वेळ पापडांच्या पिशवीकडे बघत बसल्या.

"माझी आय हसत नव्हती, बाई," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं, तक्रारीचा सूर न लावता. त्या वर्षी मिठागरात संप होता. मजुरी वाढवून मागितली म्हणून मालकाने दोन महिने कुणाला काम दिलं नव्हतं. अशात फिल्मवाले येणार असं कळलं. काम सुरळीत चाललंय हे दिसावं म्हणून मुकादमाने काही बायकांना धमकावून बांधावर उभं केलं. घरात दाणा नव्हता, जाणं भाग होतं. बायकांनी आपसांत ठरवलं की हात दिसतील, पाट्या दिसतील, पण तोंड दाखवायचं नाही. तोंड दिसलं की या राजीखुशीने आल्यात असं होईल. बाकीच्या लांबूनच गेल्या. चांगुणाच्या मागे मात्र कॅमेरावाला लागला. बाई, इकडे बघ, म्हणून त्याने पुन्हापुन्हा सांगितलं. ती वळली नाही. त्यापायी मालकाने संप मिटल्यावरही तिला पुढचे दोन हंगाम कामावर घेतलं नाही. मरेपर्यंत ती अभिमानाने सांगायची, मी त्यांना पाठ दिली.

हेमांगीने ऐकून घेतलं आणि सवयीने समजावायला सुरुवात केली. यंत्र कसं काम करतं, शक्यता कशी काढतं, हे ती सोप्या शब्दांत सांगत गेली. त्या काळच्या कॅमेऱ्याने तुमच्या आईला चेहरा दिला नव्हता, आम्हाला तो द्यायचा होता, असंही ती म्हणाली.

"कॅमेरा मागत होता, बाई," कुसुमताई म्हणाल्या. "तिनं दिला नाय."

समजावताना वर झालेला हात हेमांगीने खाली घेतला.

"मना भांडायचं नाय. पोरीला तो फोटो आवडतो. पन आता डोले मिटले की हीच दिसते. माझी होती ती कुठं गेली, सापडत नाय." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "काढता येईल का ती, तेवढंच विचाराला आले."

काढता येईल, असं हेमांगी म्हणाली. पडद्यावरून काढता येईल, एवढंच आपण म्हणतोय, हे दोघींनाही कळत होतं. तेवढ्यात प्रणिता परत आली आणि तिने हेमांगीबरोबर एक फोटो काढून घेतला. फोटोत हेमांगी हसली. ते हसू तिला पुढे कित्येक दिवस तोंडात कडू चव राहावी तसं आठवत राहिलं.

त्या गेल्यावर तिने मूळ माहितीपट लावला. ते दृश्य तिने आयुष्यात किती वेळा बघितलं असेल याला गणती नव्हती. विद्यार्थ्यांना ते चौकट-चौकट थांबवून दाखवलं होतं. आता ती पहिल्यांदाच कॅमेऱ्याकडे न बघता त्या बाईच्या खांद्याकडे बघत होती.

खांदा आधी वळत होता. कॅमेरा नंतर हलत होता. चौकटीच्या डाव्या कडेला जो हिसका बसतो, त्याला तिने प्रबंधात 'दिग्दर्शकाची बेफिकिरी' म्हटलं होतं. तो हिसका म्हणजे कॅमेरावाल्याचं पाऊल होतं. तो बांधावर पुढे सरकून तिच्या तोंडासमोर यायला बघत होता. तो जेवढा सरकला तेवढी ती आणखी वळली. पाटीवरचा तिचा हात घट्ट झाला, बोटांची पेरं पांढरी पडली. सगळं समोर होतं. दडवलेलं काहीच नव्हतं. बघणारा फक्त कॅमेऱ्यामागे असतो आणि समोरच्या माणसाचं आपलं काही होतच असतं, तो स्वतः काही करत नसतो, असं हेमांगीने गृहीत धरलं होतं. तेच तिने मुलांना शिकवलं, तेच तन्वीरच्या यंत्राला शिकवलं. यंत्राने आज्ञाधारकपणे ते चारशे चित्रपटांवर चालवलं. त्यांत आणखी किती पाठी होत्या, किती खाली घातलेल्या माना, तोंडावर ओढलेले किती पदर, याचा विचार मनात आला तशी तिने पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने तन्वीरला बोलावून सगळं सांगितलं. चेहरा मागे घ्यायचा, माहितीपट मूळ रूपात परत आणायचा आणि बाकीचे चित्रपट पुन्हा तपासेपर्यंत दुरुस्तीचं काम थांबवायचं, असं तिचं म्हणणं होतं. तन्वीरने विचारलं की दृश्याखाली एक टीप घातली तर चालणार नाही का. त्याच्या हाताखाली तीसेक मुलं होती. काम थांबलं तर ती घरी बसणार होती. शिवाय समदृष्टी देशभर लागू करण्याबद्दलची बैठक तोंडावर आली होती आणि त्या बैठकीत बोलणार होती हेमांगीच.

टीप कुणी वाचत नाही, ती म्हणाली.

"मी विचारलं होतं, मॅडम," तन्वीर म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता. "गावात जाऊन येऊ का, असं."

"हो. विचारलं होतंस."

तो दार हळूच ओढून घेऊन गेला. त्यानंतर त्या दोघांत कामापुरतंच बोलणं राहिलं, पुढे तेही नाही.

बैठकीत हेमांगीने मूळ दृश्य दाखवलं. माझं वाचन चुकलं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे चूक पकडायची संधी असताना मी ती नाकारली, कारण तो चेहरा मला हवा होता, असं तिने उभं राहून सांगितलं. नकार देणाऱ्या माणसाला आम्ही होकार द्यायला लावलं, हेही सांगितलं. काही जण अस्वस्थ झाले, काहींनी तिच्या धैर्याचं कौतुक केलं. ते कौतुक तिला सगळ्यांत जड गेलं. चांगुणाबाईवर तिने एकदा नाव कमावलं होतं, आता दुसऱ्यांदा कमावत होती.

माहितीपट मूळ रूपात परत आला. दुरुस्तीचं काम थांबलं मात्र नाही. काही आठवड्यांत समदृष्टीची नवी आवृत्ती निघाली. तिच्यात 'नकार' ओळखण्याची सोय होती. यंत्र आता पाठमोऱ्या माणसाला विचारायचं, म्हणजे त्याच्या खांद्याचा कोन मोजून ठरवायचं, की हा नकार आहे का. हेमांगीने राजीनामा दिला. भित्तिपत्रकं, पाठ, फोनांमधल्या प्रती यांतला चेहरा परत गोळा करणं कुणाच्याच हातात नव्हतं.

थंडीच्या दिवसांत ती कुसुमताईंच्या गावी गेली. पुण्याहून निघून दुपारच्या जेवणाआधी ती पोचली. एवढंच अंतर होतं, आणि एवढं अंतर तिने पंचवीस वर्षांत कापलं नव्हतं. घरामागे कंटेनरांच्या रंगीत भिंती उभ्या होत्या. प्रणिताने पाणी दिलं, पण तिचा चेहरा आखडलेला होता. हेमांगीने तिला फोनवर सगळं आधीच कळवलं होतं. भिंतीवरचा फोटो उतरवलेला दिसत होता. तिथे खिळा तेवढा होता.

"आम्हाला एकच फोटो होता," प्रणिता म्हणाली. "तुम्हीच दिलात आणि तुम्हीच सांगितलंत की तो खोटा."

हेमांगीने तिची माफी मागितली. प्रणिताने ती घेतलीही नाही आणि परतवलीही नाही. आत जाऊन तिने टीव्ही लावून दिला.

मूळ दृश्य त्यांनी बसून बघितलं. शेजारच्या दोन बायकाही आल्या होत्या. चांगुणाबाई बांधावरून आली, कॅमेरा सरकला, ती वळली. कुसुमताईंनी गुडघ्यावर हात आपटला.

"दिली बघ पाठ," त्या शेजारणीला म्हणाल्या आणि पुन्हा लावायला सांगितलं.

मग हेमांगीने आपल्या येण्याचं कारण सांगितलं. माहितीपटासोबत चांगुणाबाईंची शब्दांत लिहिलेली ओळख संग्रहात ठेवायचं संस्थेने कबूल केलं होतं. त्या कशा होत्या ते कुसुमताईंनी सांगावं, ती जसंच्या तसं लिहून घेईल. कुसुमताई खुशीत सांगू लागल्या. आईचा आवाज घोगरा होता. मिठाने टाचा फुटायच्या, त्यांत ती रात्री खोबरेल भरायची. तिला भूताखेताची भीती वाटायची, पण मुकादमाची नाही. चालताना ती जोरात पाय आपटायची, सासू त्यावरून बोलायची. हेमांगीचा हात भराभर चालत होता.

"आणि दिसायला?" तिने विचारलं.

"दिसायला काली. नाक बसकं. कपाल मोठं. भुवया अशा जाड, मधी जुलत आलेल्या..."

कुसुमताईंचं बोट स्वतःच्या कपाळावर थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याकडे बघितलं, मग हेमांगीकडे.

"या भुवया कुनाच्या?" त्यांनी विचारलं.

सहज खोटं बोलता आलं असतं. त्या तुमच्या आईच्याच, एवढं म्हटलं असतं तर म्हातारीचा दिवस सुखात गेला असता. प्रणिता दारात उभी राहून बघत होती.

"माझ्या," हेमांगी म्हणाली. "मी निवडल्या होत्या."

"मग त्या नका लिवू."

हेमांगीने ओळ खोडली. मग त्या एकेक करून तपासत गेल्या. बसकं नाक खरं की फोटोतलं, कुसुमताईंना सांगता येईना. तेही खोडलं. कपाळ खोडलं. रंगाबद्दल त्यांची खात्री होती, पण मग त्याही खात्रीची त्यांना शंका येऊ लागली. हेमांगीला वाटलं, आपण पुन्हा या बाईच्या आईला तिच्याच देखत पुसत चाललो आहोत. ती पेन खाली ठेवणार होती. कुसुमताईंनी तिला थांबायची खूण केली. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे तोंड करून बसल्या.

"मिठावर ऊन लय चमकतं," त्या सावकाश म्हणाल्या. "आय समोरून आली की तिचा डावा डोला बारीक झालेला असायचा. एकच. मना वाटायचं मना डोला मारते. मी हसायची."

हेमांगीने निवडलेल्या चेहऱ्यात दोन्ही डोळे टक्क उघडे होते.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "हे तुमचं आहे."

कुसुमताईंनी स्वतःचा डावा डोळा बारीक करून बघितला, एकदा, पुन्हा एकदा. दारातून प्रणिता पुढे आली आणि आजीच्या समोर जमिनीवर बसून तिच्या तोंडाकडे बघू लागली. हेमांगीने ती एक ओळ लिहिली आणि मान खाली घालून तशीच बसून राहिली. वर बघायचा आपल्याला हक्क आहे, असं तिला वाटेना.